तारकर्लीच्या खोलीसाठी भरलेले पैसे

सहलीचा प्रत्येक रुपया मोजून खर्च करणारे कुटुंबच खोलीच्या बनावट आरक्षणात सहज सापडते, आणि त्याचे कारण लोभ नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहिते. आमच्या बाबतीत घडलेले ऐकल्यावर अनेकांनी "स्वस्तात मिळते म्हटल्यावर असेच होणार" असे सुनावले. आम्हाला सांगितलेला दर मात्र मुळीच अविश्वसनीय नव्हता. आसपासच्या घरगुती निवासांचे मे महिन्यातील दर रात्रीला २,२०० ते २,५०० रुपये होते आणि आम्हाला २,००० रुपये सांगण्यात आले. एवढा फरक दोन खोल्या घेणाऱ्याला कोणीही खुशीने देतो. फसवणारा माणूस भाव मुद्दाम असाच ठेवतो, म्हणजे हिशेबी माणसाला संशय येत नाही आणि मोहही आवरत नाही.

सासू-सासऱ्यांना समुद्र दाखवायचा आणि मुलाला सिंधुदुर्ग किल्ला दाखवायचा, एवढीच आमची इच्छा होती. ठाण्याहून कोकणकन्या एक्सप्रेसने कुडाळपर्यंत साध्या शयनयानातून जायचे आणि पुढे मालवणला एसटीने, असा बेत आखला. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे पहिल्याच सकाळी तिकिटे काढली. एसटीत महिलांना निम्मे भाडे लागते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना भाडेच लागत नाही, म्हणून प्रवासखर्च अगदी आवाक्यात राहिला. एकच मोठा खर्च उरला होता, तो राहण्याचा. पर्यटन विकास महामंडळाच्या मालवणजवळील तारकर्लीच्या निवासात जागा शिल्लक नव्हती, म्हणून मी फोनवरच्या नकाशात घरगुती निवास शोधू लागले.

तिथे मिळालेले घर खरे होते. नाव खरे, छायाचित्रे खरी, माडांखालचे अंगण खरे, पाहुण्यांचे अभिप्रायही खरे. खोटे होते ते फक्त दूरध्वनी क्रमांक आणि संकेतस्थळ. मालकाने ज्या नोंदीवर स्वतःचा हक्क नोंदवलेला नसतो, तिच्यात बदल सुचवण्याची सोय नकाशावर कोणालाही असते, आणि या टोळीने त्या सोयीचा वापर करून मालकाचा क्रमांक काढून स्वतःचा घातला होता. छायाचित्रे आणि अभिप्राय पाहून खात्री करून घेण्याचा जो सल्ला सगळे देतात, तो इथे पूर्णपणे निरुपयोगी ठरतो, कारण अभिप्राय एकाचे असतात आणि पैसे दुसऱ्याकडे जातात.

फोनवरचा माणूस "ताई, ताई" करत अतिशय अदबीने बोलत होता. त्याने खोल्यांची चित्रफीत पाठवली, सुरमईची थाळी, घावणे, सोलकढी असा जेवणाचा तक्ता पाठवला, वृद्धांसाठी तळमजल्यावरची खोली ठेवतो असेही आपणहून सांगितले. दोन्ही खोल्यांचे मिळून १६,००० रुपये ठरले आणि त्यांपैकी ४,८०० रुपये आगाऊ मागितले गेले. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर निवासाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले, तेव्हा माझ्या यजमानांनी लगेच विचारणा केली. "ते आमच्या हिशेबनिसाचे खाते आहे" हे उत्तर तयारच होते, आणि पाठोपाठ वस्तू व सेवा कर क्रमांकासह छापील दिसणारे बिलही आले. त्या क्रमांकाचे पहिले दोन अंक ०७ होते. हे दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, आणि ०७ दिल्लीचे. हे आम्हाला नंतर कळले. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे अशा छोट्या निवासांना सहसा ही नोंदणी लागतच नाही, त्यामुळे बिलावर क्रमांक नसणे हे संशयाचे कारण नाही. क्रमांक असेल तर मात्र तो कराच्या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य तपासता येतो.

काही दिवसांनी त्याच माणसाचा फोन आला. मे महिन्याची गर्दी पाहता पूर्ण रक्कम आधी भरणाऱ्यांना दहा टक्के सूट आहे, असे त्याने सांगितले. १,६०० रुपये वाचणे म्हणजे आमच्यासाठी किल्ल्याची होडी आणि दोन वेळचे मासळीचे जेवण, म्हणून उरलेले ९,६०० रुपये पाठवले. त्यानंतर तासाभरात ५,००० रुपयांची अनामत मागण्यात आली आणि ती खोलीत शिरताच परत मिळेल असे आश्वासन मिळाले. तेव्हा सासऱ्यांनी फोन हातात घेऊन एक साधा प्रश्न विचारला, की कुडाळ स्थानकावर उतरल्यावर तुमच्या घरापर्यंत रिक्षा मिळेल का. उत्तर आले, "आजोबा, रिक्षा कशाला, स्टेशनसमोरच आहे आपले रिसॉर्ट." कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर आहे आणि तारकर्ली त्याहून पुढे. तिथे राहणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघूच शकत नाही.

आम्ही पैसे परत मागितले तेव्हा त्याने "परतावा" असे लिहिलेला क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकण्यास सांगितले. हा या प्रकारातला शेवटचा आणि सर्वांत क्रूर घाव असतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. आम्ही तो कोड स्कॅन केला नाही आणि ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर फोन लावला.

या क्रमांकाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण पुष्कळ लोक आधी नातेवाइकांशी चर्चा करतात, मग दुसऱ्या दिवशी बँकेत जातात, आणि तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जाऊन एटीएममधून निघालेले असतात. १९३० वर तक्रार नोंदली की माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि रक्कम ज्या खात्यात पोहोचली असेल तिथे ती गोठवण्याचा प्रयत्न होतो. फोनवर व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचे नाव विचारतात, म्हणून हा तपशील समोर लिहून घेऊनच फोन करावा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर संभाषणाची चित्रे, बिल आणि क्यूआर कोड जोडून तक्रार पूर्ण करावी लागते. संगणकीय साधनांद्वारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे, त्यामुळे "तुम्हीच पैसे पाठवले, आता काय करणार" असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नये. आमच्या दुसऱ्या रकमेतील ६,३०० रुपये गोठवले गेले आणि न्यायालयाच्या आदेशानंतर परत मिळाले. पहिल्या ४,८०० रुपयांतले काहीही हाती लागले नाही.

रेल्वेची तिकिटे हातात होती. मालवणमधील एका ओळखीच्या दुकानदारामार्फत आम्ही त्या घराच्या खऱ्या मालकांचा क्रमांक मिळवला. सगळी हकिगत सांगताच ते म्हणाले, "गेल्या आठवड्यात एक कुटुंब असाच दारात येवन उभा रवला." ती माणसे लहान मुलांसह रात्रभर प्रवास करून आली होती आणि त्यांच्या हातातही असेच बिल होते. घर भरलेले असताना या मालक काकांनी त्यांना स्वतःच्या माजघरात जागा दिली होती. या फसवणुकीत त्यांचेही नाव विनाकारण खराब होत होते, आणि फोनवर बोलताना त्यांना होणारा त्रास जाणवत होता. त्यांनी आम्हाला शेजारच्या वाडीत एका घरी खोल्या मिळवून दिल्या. त्या घरच्या काकूंनी आगाऊ एक रुपयाही घेतला नाही आणि सगळा हिशेब निघण्याच्या दिवशी केला. पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासे पकडण्याचे मोठे जाळे, ओढताना पाहायला काही पैसे पडत नाहीत. किल्ल्याच्या होडीचे तिकीट मालवणच्या धक्क्यावरच मिळते, आणि खाऱ्या समुद्राने वेढलेल्या त्या किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींपाशी मुलगा किती वेळ रेंगाळला! पैसे बुडाले असूनही ती सुट्टी आम्हाला आनंदाची गेली, याचे श्रेय त्या दोन घरांना आहे.

कमी पैशांत फिरणाऱ्यांनी घरगुती निवास टाळावेत, असा याचा अर्थ कोणीही काढू नये. तसे केले तर प्रामाणिक घरांचेच नुकसान होईल. क्रमांक मात्र नकाशावरून न घेता दुसऱ्या वाटेने मिळवावा. ग्रामपंचायत, गावातील दुकान, आधी जाऊन आलेली ओळखीची माणसे किंवा शासनाकडे नोंदणी असलेल्या न्याहारी-निवासांची यादी, यांपैकी काहीही चालेल. पैसे पाठवण्यापूर्वी चित्रफोन लावून अंगण आणि दारावरची पाटी त्याच क्षणी दाखवायला सांगावे. खरा मालक हसत हसत दाखवतो, तोतया मात्र नेटवर्कचे कारण पुढे करतो. एसटी कुठे थांबते, जवळचे देऊळ कोणते, असे गावातल्या माणसालाच ठाऊक असणारे प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना विचारू द्यावेत. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानेही एप्रिल २०२५ मध्ये बनावट हॉटेले, अतिथिगृहे आणि केदारनाथच्या हेलिकॉप्टर आरक्षणाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल इशारा दिला होता, म्हणजे हा प्रकार कोकणापुरता नाही.

काकांच्या घराची नोंद आता दुरुस्त झाली आहे. परंतु त्यांच्या अंगणाची तीच छायाचित्रे सध्या दिवेआगरच्या एका निवासाच्या नावाखाली, नव्या क्रमांकासह दिसत आहेत. आम्ही ती माहिती पोलिसांकडे दिली आहे. दिवाळीच्या सुट्टीसाठी दिवेआगरला खोली शोधणाऱ्यांनी माडांखालचे लाल चिऱ्यांचे अंगण आणि निळा झोपाळा असलेल्या त्या छायाचित्रांच्या भरवशावर कोणालाही पैसे पाठवू नयेत.