भाड्यासाठी काय घ्यावं: टू बीएचके फ्लॅट की खाली-वर पोर्शनचं घर?

मनीषनगर-बेसा भागातला टू बीएचके घ्यायचा, की मानेवाडा-नंदनवनकडच्या जुन्या लेआउटमधलं खाली-वर पोर्शनचं घर? नागपुरात पन्नास-साठ लाख गुंतवायला निघालेल्या माणसाचं घोडं बहुधा इथंच अडतं. दलाल दोन्हीकडे महिन्याचं भाडं तेवढं सांगतो. हिशेब मात्र वर्षाचा मांडायचा, आणि तोही खर्च वजा जाता.

समजण्यापुरते आकडे घेऊ. फ्लॅट ४५ लाखांचा, भाडं १५,०००, म्हणजे वर्षाचे १,८०,०००. एक महिना रिकामा गेला तर १५,००० गेले. मेंटेनन्सचे २४,०००, घरटॅक्सचे ८,००० आणि रंग-प्लंबरचे १०,००० काढा. उरले १,२३,०००, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आतबाहेर. आता घर ६० लाखांचं धरा. खालचा पोर्शन १२,०००, वरच्या मजल्यावर खोली-किचनचे दोन पोर्शन, प्रत्येकी ६,५००. वर्षाचे झाले तीन लाख. वरचा एक पोर्शन दोन महिने रिकामा राहिला तर १३,००० गेले, घरटॅक्स १२,०००, डागडुजी ४५,०००. उरले २,३०,०००, म्हणजे ३.८ टक्के. डागडुजीचा आकडा मुद्दाम मोठा धरलाय. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाण्याची टाकी, मोटर, सेप्टिक टँक, गेट, सगळं मालकाच्याच डोक्यावर असतं. फ्लॅटमध्ये हाच खर्च सगळ्यांत वाटला जातो.

रिकामेपणाचं गणितही वेगळं आहे. फ्लॅट रिकामा झाला की भाडं थेट शून्यावर येतं. घरात एक पोर्शन सुटला तरी बाकीचे चालू असतात. पण वरच्या खोल्या विद्यार्थ्यांना दिल्या असतील तर परीक्षा संपली की पोरं गावी जातात आणि खोली नवं सत्र सुरू होईस्तोवर तशीच पडते. सोडायची नोटीस एक महिन्याची आणि करार जूनमध्ये संपणारा ठेवला, तर नवा भाडेकरू सत्राच्या तोंडावर मिळतो. कुटुंब जास्त टिकतं. शाळा, बस, किराणा एकदा जमलं की दरवर्षी घर बदलायची हौस कुणालाच नसते.

पोर्शनच्या घरात सगळ्यात जास्त वाद मीटरवरून होतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. दोन पोर्शन १५०-१५० युनिट वापरत असतील आणि मीटर एकच असेल, तर स्वस्त दर फक्त १०० युनिटना मिळतो. दोन मीटर असतील तर तो २०० युनिटना मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत कूलर लागले की एकत्र मीटर ५०० च्या घरात जातो आणि ‘तुमचं जास्त, आमचं कमी’ सुरू होतं. सबमीटर लावून वाद थांबत नाही, कारण सबमीटर युनिट मोजतो, टप्पा मोजत नाही. म्हणून घर बघतानाच किती मीटर आहेत ते मोजा. एकच असेल तर वेगळे मीटर घेण्याचा खर्च किमतीतून कापून मागा. पाण्याच्या मीटरचंही विचारून घ्या.

कूलरचा प्रश्न दोन्हीकडे आहे, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो आणि पारा ४५ ला टेकला की कूलरशिवाय कुणी राहत नाही. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, शेजारी अर्थिंग असलेला थ्री-पिन पॉइंट आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) एवढं मालकानं स्वतः करून द्यावं. ओला पत्रा, उघडी पंपाची वायर आणि अर्थिंग नाही, असं जमलं की माणूस जातो. कूलरच्या टाकीच्या कोपऱ्यातून टपकणारं पाणी खालच्या भिंतीत मुरतं आणि पावसाळ्यात तिथंच पोपडे येतात. म्हणून स्टँड भिंतीपासून चार बोटं सोडून बसवावा. फ्लॅटमध्ये आधी विचारा: बाहेर कूलर लावू देतात का? काही इमारतींत नाही देत, मग भाडेकरू एसीचा पॉइंट मागतो.

करार कुठंही लागतोच. स्टॅम्प पेपरवर नुसती नोटरी करून भागवणं नागपुरात सर्रास चालतं, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लीव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी देणारा करार) मुद्रांक ०.२५ टक्के लागतो. तो मुदतीच्या एकूण भाड्यावर आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून निघणाऱ्या रकमेवर काढतात. शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. पोर्शन तीन असतील तर हे सगळं तीनदा. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दरानं भरपाईही मागता येते.

कराचं थोडक्यात: भरलेला घरटॅक्स वजा करून राहिलेल्या भाड्यावर ३० टक्के सूट सरसकट मिळते, खर्च कमी होवो की जास्त. गच्चीवर लाख रुपये घातले म्हणून सूट वाढत नाही. याचा फटका घरवाल्याला बसतो.

खरी मेख कागदपत्रांत आहे. फ्लॅटचं तुलनेनं सोपं: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि इमारत कंडोमिनियम (सोसायटीऐवजी फ्लॅटमालकांची अपार्टमेंट पद्धत) असेल तर तिचा नोंदवलेला घोषणापत्राचा दस्त, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन. जुन्या लेआउटमधल्या घराला मात्र आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र, रेग्युलरायझेशन लेटर) आहे का, हा पहिला प्रश्न. परवानगीविना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायचा गुंठेवारी कायदा २००१ चा आहे. त्याखाली नागपूर सुधार प्रन्यासकडून (नासुप्र) नियमित झालेल्या प्लॉटचं हे पत्र, डिमांड (नियमित करायला मागितलेली रक्कम) भरल्याची पावती आणि आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा बघा. मग नकाशा हातात घेऊन गच्चीवर चढा. वरचा मजला पुष्कळदा नकाशात नसतोच. बँकेचा व्हॅल्युअर तो धरत नाही, कर्ज कमी बसतं आणि ज्या वरच्या खोल्यांच्या भाड्यावर गणित मांडलं त्याच अनधिकृत निघतात.

नोकरी पुण्यात असेल, नागपुरात सणावारी येणं होत असेल, तर फ्लॅटच घ्या. कमी उरलं तरी चालेल. पोर्शनचं घर त्यानंच घ्यावं ज्याला मोटर जळाल्याचा फोन आला की अर्ध्या तासात स्कूटरवर पोचता येतं, आणि आरएल व नकाशाच्या झेरॉक्स बँकेच्या वकिलाला दाखवल्याशिवाय जो बयाणा देत नाही.