नॅसो की सेलफिन? खारपाणपट्ट्यातल्या टाकीसाठी

दर्यापूर-मूर्तिजापूरकडे समुद्री माशांची टाकी लावतो म्हटलं, की एक विनोद ठरलेला: "मीठ कायले इकत आनतं, हिरीचं पानी टाक न!" आपलं पाणी खारं आहे, पण ते समुद्राचं खारं नाही. क्षारांचं प्रमाण वेगळं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा हिशेब वेगळा. त्यामुळे आरओचं पाणी आणि लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ, याला पर्याय नाही. मासा कुठलाही घ्या.

आता माशांचं. नॅसो आणि सेलफिन हे दोन्ही टँग, म्हणजे शेवाळ खाणारे समुद्री मासे. मोठा टँग हवा असणारे बहुतेक जण नॅसोच्या शेपटीवर भाळतात. पण काचेवर, दगडांवर केसासारखं वाढणारं हिरवं शेवाळ साफ होईल म्हणून नॅसो आणाल तर फसाल. त्याचा मूळ खुराक म्हणजे सरगॅसमसारखं पानाचं, तपकिरी शेवाळ. केसाळ शेवाळाकडे तो फारसा वळत नाही. ते काम सेलफिनचं. हिंदी महासागरातला डेस्जार्डिनी सेलफिन दिवसभर दगड खुडत असतो आणि काचेच्या मण्यांसारखं फुगीर शेवाळही बरेचदा फोडून खातो. नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडाचा) तुकडा मात्र दोघांनाही रोज लागतो, बिनमिठाचा आणि बिनतेलाचा.

नॅसो 45 सेंटिमीटरपर्यंत जातो, सेलफिन 40. आकडे जवळचे वाटले तरी नॅसोला सरळ लांब धाव हवी, त्यामुळे 8 फुटांहून लहान टाकीत त्याचा विचार करू नका. सेलफिन 6 फुटांत निभावतो. 6×2×2 फुटांच्या टाकीत सुमारे 680 लिटर पाणी मावतं, म्हणजे पाणीच पाऊण टनाच्या आसपास. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि फरशी वरखाली होते. स्टँड तिरपा झाला की काचेच्या सांध्यावर ताण येतो. टाकी जितकी मोठी, तितकी ही भीती मोठी. 8 फुटी टाकीखाली काँक्रीटचा वेगळा ओटा घालाच.

स्वभावात नॅसो उजवा. सेलफिन स्वतःसारख्याच दिसणाऱ्या टँगवर धावून जातो, म्हणून त्याला सगळ्यांत शेवटी सोडा. दोघांच्याही शेपटीच्या बुडाशी धारदार काटे असतात. जाळीत अडकतात, हात कापतात. पकडायला डबा वापरा.

खरी परीक्षा मे महिन्यात. पाणी 25-26 अंशांवर हवं आणि बाहेर पारा 45. पाणी गार करणारा चिलर चालतो, पण लाईन गेली किंवा डीपी जळाली की घरच्या इन्व्हर्टरवर तो निघत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मोठ्या माशाला तो जास्त लागतो. म्हणून बॅटरीवरचा एअरपंप आधी घ्या, मासा नंतर. पाण्यावर पंखा सोडला तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात छान गारवा मिळतो, मात्र पाणी उडून खारटपणा चढतो. रोज साधं आरओ पाणी घालून पातळी राखायची, खारं नाही.

माझं मत सेलफिनच्या बाजूने, तेही 6 फुटी टाकी आणि पक्का बॅकअप असेल तर. 4 फुटी टाकी असेल तर दोन्ही विसरा, लॉनमोअर ब्लेनी हा शेवाळ खाणारा छोटा मासा बघा. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर नोरी टाकायला लावा. पोट खपाटीला गेलेलं असेल, किंवा मासा नोरीला तोंड लावत नसेल, तर हात हलवत परत या.