ग्रुपमधून आलेली माणसं मोजायची कशी: एक्सपी_लॉगिनइन्फो की पॉवरशेल?

ऑडिट जवळ आलं की डीबीएकडे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे, हमखास एक मागणी येते: या एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर) कोणाकोणाला प्रवेश आहे, त्यांची नावं द्या. सिस.सर्व्हर_प्रिन्सिपल्स ही सर्व्हरवरच्या लॉगिनांची यादी बघितली की ‘जी’ प्रकारच्या ओळी दिसतात, म्हणजे विंडोज ग्रुप: अनेक माणसांना मिळून एकच लॉगिन. माणसं तिथे नसतातच. ती अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (एडी, म्हणजे कंपनीतल्या खात्यांची आणि ग्रुपांची मध्यवर्ती नोंद) असतात, त्यांना आत घेणं आणि बाहेर काढणं एडी टीम करते, आणि त्याची कुठलीही नोंद डेटाबेस सर्व्हरवर होत नाही. ऑडिटरला ग्रुपचं नाव पुरत नाही, आणि माझ्या मते ते पुरूही नये.

नावं काढायचे दोन मार्ग आहेत. एक सर्व्हरच्या आतून, एक्सपी_लॉगिनइन्फो या एसक्यूएल सर्व्हरमधल्या तयार प्रोसिजरला ‘मेंबर्स’ पर्याय देऊन. दुसरा बाहेरून, पॉवरशेलने (विंडोजच्या कमांड भाषेने) थेट एडीला विचारून. मी दोन्ही वापरतो, पण ऑडिटला द्यायची यादी आता एकाच मार्गाने काढतो.

आतल्या मार्गाच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. ‘जी’ प्रकारच्या लॉगिनांवर एक कर्सर (एकेक ओळ घेत जाणारा लूप) फिरवला की काम होतं, आणि निकाल सरळ टेबलात भरता येतो. त्याच मशीनवरचे लोकल ग्रुपही त्याला कळतात. ही गोष्ट छोटी वाटते, पण ज्यांचे सर्व्हर जुन्या आवृत्त्यांपासून अपग्रेड होत आलेत त्यांनी इकडे लक्ष द्यावं. एसक्यूएल सर्व्हर २००८ पासून बिल्टइन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स हा मशीनच्या प्रशासकांचा लोकल ग्रुप आपोआप सिसअ‍ॅडमिन (सर्व्हरवरचे सगळे अधिकार असलेला) होत नाही. पण त्याआधीपासून चालत आलेल्या सर्व्हरवर तो अजून बसलेला असू शकतो, आणि त्यातली माणसं एडीच्या ग्रुपांत शोधून सापडत नाहीत.

आता ज्या त्रासामुळे मी मार्ग बदलला, त्याबद्दल.

‘मेंबर्स’ हा पर्याय ग्रुपची एकच पातळी बघतो. ग्रुपच्या पोटात दुसरा ग्रुप असला, तर त्या पोटातल्या ग्रुपमधली माणसं यादीत येत नाहीत. शिवाय एडीतून फक्त ग्लोबल ग्रुपची (ज्यात एकाच डोमेनमधले सदस्य असतात) माहिती मिळते, युनिव्हर्सल ग्रुपची (ज्यात अनेक डोमेनमधले येऊ शकतात) नाही, हे मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेलं आहे. मोठ्या कंपन्यांत एडीची रचना बहुतेक वेळा अशीच पोटात पोट असलेली असते: अ‍ॅप्लिकेशनचा एक ग्रुप, त्यात सपोर्टचा ग्रुप, त्यात रात्रपाळीचा, त्यात कंत्राटी लोकांचा. नेमकी ज्यांच्याबद्दल ऑडिटरला विचारायचं असतं, ती माणसं सगळ्यात खालच्या थरात बसलेली असतात.

यादी पाठवण्याआधी ती लॉगिन ऑडिटशी ताडून बघायची माझी सवय आहे. सक्सेसफुल_लॉगिन_ग्रुप (यशस्वी लॉगिन नोंदवणारा ऑडिटचा पर्याय) चालू असेल तर तिथे माणसाचं स्वतःचं नाव नोंदवलं जातं, तो ग्रुपमधून आलेला असला तरी. असाच ताळा करताना यादीत नसलेली नावं रोज लॉगिन करताना दिसली, आणि ती सगळी पोटातल्या ग्रुपमधली होती. म्हणजे दारातून आत सोडताना सर्व्हर पोटातले ग्रुप धरतो, कारण विंडोजच्या टोकनमध्ये (लॉगिन करताना माणसासोबत येणाऱ्या ओळखपत्रात) ते असतातच. यादी देताना मात्र धरत नाही. आणि अपुरी यादी दिसायला पूर्ण यादीसारखीच असते: ना एरर, ना वॉर्निंग. एरर आली असती तर मी ती निस्तरली असती. १५४०४ ही एरर मी अनेकदा निस्तरली आहे. सर्व्हिस अकाउंटला (ज्या खात्याखाली एसक्यूएल सर्व्हर चालतो त्याला) एडी वाचायचा अधिकार नसला की ती कोड ०x५, म्हणजे ‘प्रवेश नाकारला’, घेऊन येते, आणि एडी टीमला एक तिकीट टाकलं की मिटते. गुपचूप गळलेल्या नावांवर असा उपाय नाही.

पॉवरशेलमध्ये गेट-एडीग्रुपमेंबर या कमांडला ‘रिकर्सिव्ह’ जोडलं की तो तळापर्यंत जातो. त्याचा दोष असा की निकाल सपाट येतो: माणूस दिसतो, पण तो कुठल्या पोटग्रुपमधून आला ते दिसत नाही, आणि ऑडिटरचा पुढचा प्रश्न नेमका तोच असतो. म्हणून मी डीबीएटूल्स या पॉवरशेल मॉड्यूलमधलं फाइंड-डीबीएलॉगिनइनग्रुप वापरतो. ते सर्व्हरवर लॉगिन असलेले एडी ग्रुप स्वतः शोधतं, खालपर्यंत उतरतं, आणि प्रत्येक माणसापुढे तो प्रत्यक्ष ज्या ग्रुपमध्ये आहे त्याचं आणि सर्व्हरवर लॉगिन असलेल्या ग्रुपचं नाव देतं. डीबीएटूल्स मोफत आणि ओपन सोर्स आहे. तरी काही कार्यालयांत बाहेरचं मॉड्यूल आणायला मंजुरी लागते, तो वेळ हिशेबात धरा.

बाहेरच्या मार्गाला खाचखळगे नाहीत असं नाही. गेट-एडीग्रुपमेंबरला एडी वेब सर्व्हिसेसची (ज्यातून पॉवरशेल एडीशी बोलतं) ५००० सदस्यांची मूळ मर्यादा आहे. दुसऱ्या फॉरेस्टमधला (वेगळ्या एडी रचनेतला) सदस्य असला तर तो अडखळतो. बंद केलेली खातीही यादीत येतात, ती गेट-एडीयूजरने वेगळी काढावी लागतात. आणि लोकल ग्रुपसाठी गेट-लोकलग्रुपमेंबर वेगळं चालवावं लागतं. पण लोकल ग्रुप सोडले तर यातल्या अडचणी एक तर ओरडून समोर येतात, नाही तर जास्तीची नावं देतात. ऑडिटमध्ये जास्तीचं नाव खोडणं सोपं असतं. जे नाव आलंच नाही, ते कोणी खोडत नाही आणि शोधतही नाही.

प्रश्न एकाच माणसाचा असेल, म्हणजे ‘हिला हा अधिकार मिळाला कुठून’, तर मात्र मी अजूनही आतूनच जातो. एक्झिक्यूट अ‍ॅज लॉगिन करून, म्हणजे तिच्या नावाने आत जाऊन, सिस.लॉगिन_टोकन बघितलं की तिचे सगळे ग्रुप, पोटातलेही, सर्व्हर ज्या नजरेने बघतो तसेच दिसतात. बघून झालं की रिव्हर्ट करायचं, म्हणजे परत आपल्या नावावर यायचं. कुठल्याही बाहेरच्या स्क्रिप्टपेक्षा हे उत्तर मला जास्त खात्रीचं वाटतं.

तुमची एडी लहान असेल, ग्रुप सरळ असतील आणि पुढेही कोणी पोटात ग्रुप घालणार नाही याची खात्री असेल, तर एक्सपी_लॉगिनइन्फो पुरेसं आहे. ही खात्री डीबीएच्या हातात नसते एवढंच म्हणेन.

दोन्ही मार्ग फक्त आत्ताचं चित्र देतात. गेल्या महिन्यात कोण आत होतं हे यातलं कोणीच सांगत नाही. सर्व्हर_रोल_मेंबर_चेंज_ग्रुप (सर्व्हरच्या रोलमधले बदल नोंदवणारा ऑडिटचा पर्याय) हाही इथे कामाचा नाही, कारण एडी ग्रुपमध्ये कोणी माणूस घातला तरी सर्व्हरवरचा रोल तोच राहतो. ती नोंद डोमेन कंट्रोलरच्या (एडी चालवणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये असते: ग्लोबल ग्रुपसाठी इव्हेंट ४७२८ (घातला) आणि ४७२९ (काढला), युनिव्हर्सलसाठी ४७५६ आणि ४७५७. हे लॉग भरले की जुनं पुसलं जातं. भारतात एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, तेव्हा या इव्हेंट दुसरीकडे साठवल्या जातात का ते एडी टीमला आजच विचारून घ्या. मी स्वतः डीबीएटूल्सचा निकाल रोज रात्री तारखेसह एका टेबलात टाकतो आणि आदल्या दिवसाशी फरक काढतो. ग्रुपमधून काढलेल्या माणसाचं केर्बेरॉस तिकीट (विंडोजने दिलेला प्रवेशपास) मूळ सेटिंगनुसार १० तासांपर्यंत चालू शकतं, म्हणून फरकात ‘काढला’ असं नाव आलं की त्याची उघडी सत्रं सर्व्हरवर बघतो आणि गरज असेल तर बंद करतो.