ऑफिससाठी फॅक्स मशीन: खोक्यावरचा वेग सगळ्यात शेवटी बघा

फॅक्स मशीनच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो वेग, आणि निवडताना त्याचाच उपयोग सगळ्यात कमी. ३३.६ केबीपीएसचा (सेकंदाला हजार बिट या मापात) ‘सुपर जी३’ हा फॅक्सचा सगळ्यात जास्त वेग मिळायला पलीकडचं मशीनही तसंच लागतं आणि लाइनही स्वच्छ लागते. नाहीतर दोन्ही मशीन आपसात ठरवून १४.४ किंवा ९.६ वर येतात. ‘पानाला ३ सेकंद’ हा आकडा विरळ मजकुराच्या चाचणी-पानाचा. सुरुवातीला ऐकू येणाऱ्या शिट्ट्यांचा वेळ त्यात धरलेला नसतो.

खरा फरक छपाईत आहे. थर्मल रोलच्या मशीनला शाई लागत नाही, पण तो कागद उन्हाने, उष्णतेने आणि पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये ठेवला तरी फिका पडतो. जपायचं पान असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढावी लागते. रिबनवाली मशीन साध्या कागदावर छापतात. मात्र पानावर दोनच ओळी असल्या तरी रिबन जवळपास पानभर खर्ची पडते. आणि वापरलेल्या रिबनवर आलेला मजकूर जसाच्या तसा वाचता येतो! गोपनीय कागद येणाऱ्या ऑफिसने ती अख्खी कचऱ्यात टाकू नये. इंकजेटचं दुखणं वेगळं: आठवड्याला एखादाच फॅक्स आला, तर नोझल सुकून बसतात. रोज पाने येत असतील तर लेझरच घ्यावं. फक्त टोनर (शाईची पूड) आणि ड्रम (ती पूड कागदावर उमटवणारा दंडगोल) वेगवेगळे बदलता येतात का, ते आधी बघावं.

रिझोल्यूशनमध्ये आडवी घनता नेहमीच्या तिन्ही पायऱ्यांवर साधारण २०३ डीपीआयच (इंचाला ठिपके) राहते. उभी घनता स्टँडर्डला ९८, फाइनला १९६, सुपरफाइनला ३९१. बारीक अक्षरांच्या तक्त्याला फाइन पुरतं. त्यापुढे गेलात तर वेळच जास्त जातो.

ईसीएम, म्हणजे पाठवताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी सोय, असलीच पाहिजे. त्यात पान छोट्या तुकड्यांत जातं आणि बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. ती नसेल तर खरखरीच्या लाइनवर ओळी गळतात. कागद संपल्यावर आलेली पाने मेमरीत थांबतात, पण वीज गेल्यावर ती टिकतात का आणि किती वेळ, हे माहितीपत्रकात शोधा. मेमरीची ‘पाने’सुद्धा विरळ मजकुराचीच मोजलेली असतात, फोटो असलेलं एक पान कित्येक पानांची जागा खातं.

पानावर उभी काळी रेघ येत असेल तर आधी मशीनचा एखादा रिपोर्ट छापा. तो स्वच्छ, पण कॉपीवर रेघ, म्हणजे फीडरखालच्या अरुंद काचेवर व्हाइटनर किंवा डिंकाचा ठिपका आहे. मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो पुसा. लेझर मशीनच्या रिपोर्टवरही रेघ असेल तर दोष ड्रमकडे. दोन पाने एकदम ओढली जात असतील तर पिकअप रोलर आणि विलग करणारा पॅड तपासा.

इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन लाइनवर फॅक्स अर्ध्यात तुटतात, कारण आवाजासाठी केलेलं कॉम्प्रेशन फॅक्सचे सूर बिघडवतं. सेवा देणाऱ्याकडून टी.३८, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची खास पद्धत, सुरू करून घ्या. ते जमत नसेल तर निदान जी.७११ कोडेक (आवाज फारसा न दाबता पाठवण्याची पद्धत) मागा आणि मशीनचा वेग ९.६ वर आणा. मेनूत वेगाची ही सेटिंग बहुधा ‘ओव्हरसीज मोड’ किंवा ‘व्हीओआयपी’ (इंटरनेटवरचा फोन) अशा नावाखाली दडलेली असते.