ग्रामीण अग्निशमन सेवेचा कारभार कोणाच्या हाती? मंडळ, आयुक्त की शहरासह एकच छत्र

स्वयंसेवकांच्या जोरावर चालणारी ग्रामीण अग्निशमन सेवा उभी करताना, किंवा जुन्या सेवेची घडी नव्याने बसवताना, बंब, वायरलेस आणि प्रशिक्षण यांवर बैठकाच्या बैठका होतात. वर बसून कारभार कोण पाहणार हा विषय मात्र सगळे उठायच्या बेतात असताना निघतो. तेव्हा टेबलावर साधारण तीन पर्याय असतात. पहिला म्हणजे संचालक मंडळ. दुसरा, थेट मंत्र्याला उत्तर देणारा एकच आयुक्त. तिसरा, शहरी आणि ग्रामीण सेवा एकत्र करून दोन्हींवर मिळून एक मंडळ.

तिन्ही पर्याय आज प्रत्यक्षात चालू आहेत आणि तिन्हींची परीक्षा झालेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात कंट्री फायर ऑथॉरिटी म्हणजे सीएफए मंडळावर चालते. शेजारच्या न्यू साउथ वेल्समधली रूरल फायर सर्व्हिस म्हणजे आरएफएस आयुक्तावर चालते. न्यूझीलंडने 2017 मध्ये सगळं एकत्र केलं. तिन्हीकडे आग विझवायला जाणारा माणूस एकाच प्रकारचा आहे. त्याचा मूळ व्यवसाय वेगळाच असतो, आगीवर जाण्याचा तो पगार घेत नाही, आणि नाराज झाला तर राजीनामा देत नाही, नुसता यायचं थांबतो. त्यामुळे तुलना करायला ही तिन्ही उदाहरणं चांगली आहेत.

आधीच सांगतो, माझा कल मंडळाकडे आहे. पण दोन अटींवर. त्या पाळायची तयारी नसेल तर आयुक्त परवडला.

तिन्ही रचना आल्या कुठून

सीएफए वणव्यांच्या राखेतून जन्मली. 13 जानेवारी 1939 च्या ‘ब्लॅक फ्रायडे’ला व्हिक्टोरियात 71 माणसं गेली. न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांच्या चौकशीने विखुरलेल्या यंत्रणेवर बोट ठेवलं. तरी कायदा व्हायला आणखी काही वर्षं आणि 1944 चे वणवे लागले. 1945 मध्ये सीएफए सुरू झाली. तिच्या मंडळात नऊ जागा आहेत. त्यांपैकी चार जागा स्वयंसेवकांच्या संघटनेने सुचवलेल्या नावांतून भरायच्या, असं कायदाच सांगतो.

आरएफएसची गोष्टही आगीचीच आहे. जानेवारी 1994 च्या वणव्यांनंतर चौकशी झाली, त्यातून 1997 चा रूरल फायर्स अ‍ॅक्ट आला आणि आयुक्ताच्या हाती एकसंध सेवा दिली गेली. तिथे संचालक मंडळ नाही. सल्लागार परिषद आहे, समन्वय समिती आहे, पण अंतिम सही आयुक्ताची. सत्तर हजारांच्या आसपास स्वयंसेवक असलेली ही सेवा जगातली सर्वांत मोठी स्वयंसेवी अग्निशमन सेवा मानली जाते.

न्यूझीलंडमध्ये 1 जुलै 2017 पर्यंत शहरी सेवा वेगळी होती आणि ग्रामीण अग्निशमनाची जबाबदारी डझनावारी स्थानिक प्राधिकरणांकडे होती. त्या सगळ्यांना मिळून ‘फायर अँड इमर्जन्सी न्यूझीलंड’ झाली. विलीनीकरणाला साडेचार महिने उरले असताना क्राइस्टचर्चजवळच्या पोर्ट हिल्सवर वणवा पेटला आणि दोन स्थानिक परिषदांच्या (आपल्या नगरपालिकांसारख्या संस्थांच्या) हद्दींत पसरला. हद्द कोणाची आणि हुकूम कोणाचा, हा घोळ किती महागात पडतो ते लोकांनी तेव्हा पाहिलं.

आगीच्या दिवशी

या कसोटीवर आयुक्त सरळ जिंकतो. न्यू साउथ वेल्समध्ये स्थानिक ताकदीबाहेर गेलेल्या वणव्यासाठी ‘सेक्शन 44’ लागू होतं. आयुक्त सूत्रं हाती घेतो, नियंत्रक नेमतो, आणि त्या क्षणापासून कोणाचं ऐकायचं हा प्रश्न उरत नाही. 2019-20 च्या उन्हाळ्यात रोज कॅमेऱ्यासमोर उभा राहणारा चेहरा एकच होता, तेव्हाचे आयुक्त शेन फिट्झसिमन्स यांचा. घर सोडायचं की थांबायचं हे ठरवणाऱ्या कुटुंबाला एकच ओळखीचा आवाज ऐकू येणं ही छोटी गोष्ट नाही.

मंडळाला या दिवशी काही काम नसतं. नसावंच. सीएफएतही आग विझवण्याचे अधिकार चीफ ऑफिसरचे म्हणजे सेवेच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याचे आहेत, मंडळाच्या अध्यक्षांचे नाहीत. तरी 7 फेब्रुवारी 2009 च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ला 173 माणसं गेली आणि त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने, म्हणजे रॉयल कमिशनने, जे मांडलं ते मंडळाच्या समर्थकांनी वाचलंच पाहिजे. त्या दिवशी सीएफए आणि सरकारी वनजमिनींवरची आग पाहणारं खातं अशा दोन यंत्रणा काम करत होत्या. सर्वांच्या वर एक जबाबदार माणूस नव्हता. किलमोर ईस्टच्या आगीने त्या दिवशी सर्वाधिक बळी घेतले. तिचं नियंत्रण केंद्र पुरेशा माणसांशिवाय चालत होतं, आणि वाटेतल्या गावांना वेळेत इशारा गेला नाही. त्यानंतर व्हिक्टोरियाने राज्यपातळीवर आयुक्त आणला. म्हणजे मंडळ ठेवलं, पण मोठ्या आगीचा हुकूम मंडळाच्या छत्राबाहेर नेला.

निवड करणाऱ्याने यातून एवढंच घ्यावं, की मंडळ हवं असेल तर आगीच्या दिवसाचा अधिकार कायद्यात नाव घेऊन एका पदाला द्या. ‘मंडळाच्या धोरणानुसार’ असले शब्द त्या कलमात नकोत.

आग नसते तेव्हा

इथे पारडं फिरतं, आणि माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा. सेवेचं बरं-वाईट बहुतेक वेळा थंडीच्या महिन्यांत ठरतं.

2 डिसेंबर 1998, व्हिक्टोरियातलं लिंटन. वणव्यावरून दोन टँकर पाणी भरायला परत निघाले होते. वारा फिरला. जिलाँग वेस्ट ब्रिगेडचे म्हणजे तिथल्या स्थानिक अग्निशमन पथकाचे पाच स्वयंसेवक गेले. त्यानंतरच्या चौकशीतून आणि सुधारणांतून प्रत्येक स्वयंसेवकासाठी किमान कौशल्याचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. वाचताना यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही. पण गावातल्या कॅप्टनच्या जागी बसून पाहा. वीस वर्षं आगीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला सांगायचं, की आता संध्याकाळी वर्गात बस, वहीवर सही कर, नाहीतर बंबावर चढता येणार नाही. काही जण चिडतात. काही जण येणंच बंद करतात. किती माणसं गमवायची तयारी आहे, किती तास मागायचे, जुन्याजाणत्यांना सूट द्यायची का? हे प्रश्न आगीचे नाहीत, तोल साधण्याचे आहेत. असा निर्णय एकट्या आयुक्ताने घेतला तर तो ‘मुख्यालयाचा हट्ट’ ठरतो. स्वयंसेवकांनी सुचवलेले चार जण ज्या टेबलावर बसले आहेत तिथून आला तर शिव्या थोड्या कमी बसतात. बसतातच, पण कमी.

मात्र मंडळ असलं म्हणजे देखरेख झालीच, असं समजू नका. सीएफएचं फिस्कव्हिल इथलं प्रशिक्षण केंद्र हे मंडळांसाठी धड्यासारखं उदाहरण आहे. अनेक वर्षं तिथे उद्योगांकडून आलेल्या टाकाऊ ज्वालाग्राही रसायनांच्या ड्रमांवर सराव चालला. काही ड्रम तिथेच पुरले गेले, आणि सरावाचं पाणी दूषित होत गेलं. मार्च 2015 मध्ये केंद्र कायमचं बंद झालं. धोक्याची कुणकुण संस्थेत वरच्या पातळीवर बरीच आधीपासून होती, असं संसदीय चौकशीत पुढे आलं. म्हणजे खुर्च्या होत्या, कागद होते, पण अस्वस्थ करणारा प्रश्न लावून धरणारं कोणी नव्हतं.

म्हणून मंडळ निवडणाऱ्याला माझा आग्रह एकाच गोष्टीचा. प्रत्येक बैठकीत ‘थोडक्यात वाचलो’ अशा घटनांचे अहवाल मूळ स्वरूपात टेबलावर आले पाहिजेत, व्यवस्थापनाने केलेला सारांश नव्हे. कॅप्टनने रात्री उशिरा, धुराने डोळे चुरचुरत असताना भरलेल्या दोन ओळी रंगीत आलेखांपेक्षा जास्त सांगतात.

पैसा आणि बंब कोणाचे

आयुक्त पद्धतीतली सर्वांत विचित्र गोष्ट या सदरात आहे. न्यू साउथ वेल्समध्ये कायद्यानुसार आरएफएसची अग्निशमन सामग्री स्थानिक परिषदांच्या मालकीची धरली जाते. बंब विकत कोणता घ्यायचा, तो कुठे पाठवायचा हे आरएफएस ठरवते, मालकी मात्र परिषदेच्या नावावर. परिषदा म्हणतात, ज्यावर आमचा ताबा नाही ते आमच्या ताळेबंदात का दाखवू? लेखापरीक्षक म्हणतात, दाखवा. हा वाद वर्षानुवर्षं चालला आहे आणि परिषदांच्या हिशेबांवर शेरेही बसले आहेत. नवी रचना करणाऱ्याने पहिल्याच दिवशी मालकी आणि ताबा एकाच ठिकाणी ठेवावा, एवढंच.

देणग्यांचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. जानेवारी 2020 मध्ये विनोदी कलाकार सेलेस्ट बार्बर यांनी फेसबुकवर मदतीची हाक दिली आणि 5 कोटी 13 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. देणाऱ्यांपैकी अनेकांना वाटलं, पैसा वणवाग्रस्तांना, प्राण्यांना, इतर राज्यांनाही जाईल. प्रत्यक्षात तो गेला आरएफएसच्या ब्रिगेड देणगी ट्रस्टकडे, आणि त्या ट्रस्टचा दस्तऐवज बेताच्या देणग्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता. विश्वस्तांना न्यू साउथ वेल्स राज्याच्या सुप्रीम कोर्टात जाऊन विचारावं लागलं. मे 2020 मध्ये निकाल आला. सामग्री, प्रशिक्षण, जखमी वा मृत स्वयंसेवकांच्या कुटुंबांना आधार, मानसिक आरोग्यासाठी मदत, एवढं चालेल. इतर संस्थांना किंवा इतर राज्यांना देता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल चोख होता, देणाऱ्यांचा हिरमोड मात्र झाला. हा दोष आयुक्त पद्धतीचाच असं मी म्हणणार नाही, मंडळाकडूनही हे राहून गेलं असतं. पण दस्तऐवज दरवर्षी काढून वाचायचं काम नेमकं कोणाचं, याचं उत्तर मंडळात सोपं असतं.

नियमित निधीबद्दल थोडक्यात. न्यू साउथ वेल्समध्ये खर्चाचा 73.7 टक्के भार विमा कंपन्यांमार्फत, 11.7 टक्के परिषदांवर आणि 14.6 टक्के राज्यावर, अशी विभागणी रूढ आहे. व्हिक्टोरियाने 2013 मध्ये विम्यावरचा भार काढून मालमत्तेवर लावला. न्यूझीलंड विम्यावरच आहे. कारभाराच्या रचनेशी याचा फारसा संबंध नाही, हे प्रकरण वेगळं ठेवा.

स्वयंसेवकाची खुर्ची

सीएफए आणि आरएफएस या दोन्हींत ब्रिगेडचे पदाधिकारी सदस्य मतदानाने निवडतात. पाया लोकशाहीचा आणि शिखर नेमणुकीचं, हा ताण दोन्हीकडे आहे. व्हिक्टोरियाने त्यावर दोन उपाय केले. एक म्हणजे मंडळातल्या त्या चार जागा. दुसरा म्हणजे स्वयंसेवकांची सनद, जिला 2011 मध्ये कायद्यात स्थान मिळालं आणि जिच्यामुळे स्वयंसेवकांवर परिणाम करणाऱ्या बाबींत त्यांच्याशी सल्लामसलत करणं बांधील ठरलं.

न्यूझीलंडमध्ये माणसांची गणती घेतली तर बहुसंख्य स्वयंसेवकच आहेत. त्यांच्या म्हणण्यासाठी स्थानिक सल्लागार समित्यांची तरतूद आहे. सल्लागार हा शब्द तिथे शब्दशः घ्यायचा. एका मोठ्या संस्थेत पगारी कर्मचाऱ्यांची संघटना, शहराच्या गरजा आणि इमारतींचे प्रश्न रोज दारात उभे असतात. गावातली ब्रिगेड आरडाओरडा करत नाही, म्हणून मागे पडते. एकत्रीकरणाचा फायदा खरा आहे, हद्दीची भांडणं मिटतात, प्रशिक्षण आणि साहित्य एकाच दर्जाचं होतं. पण हा पर्याय तेव्हाच घ्या, जेव्हा तुमच्याकडची खरी दुखापत विखुरलेपणाची असेल. नाहीतर उपचार दुखण्यापेक्षा मोठा.

मंत्र्याचा हात किती लांब

जून 2016 मध्ये व्हिक्टोरियात पगारी अग्निशामकांच्या वेतनकरारावरून जुंपली. या करारामुळे स्वयंसेवकांच्या कामावर आणि चीफ ऑफिसरच्या अधिकारावर गदा येते, असं सीएफए मंडळाचं म्हणणं होतं. सरकारला करार हवा होता. खात्याच्या मंत्री जेन गॅरेट यांनी राजीनामा दिला आणि सरकारने अख्खं मंडळ बरखास्त केलं. पाठोपाठ मुख्य कार्यकारी अधिकारी आणि चीफ ऑफिसरही गेले. करारात बरोबर कोण होतं, यावर आजही दोन बाजू आहेत. मला त्यात पडायचं नाही. पण मंडळ म्हणजे राजकारणापासून ढाल, असं कोणी सांगत असेल तर हा प्रसंग पुढे ठेवा.

पुढे 1 जुलै 2020 ला पगारी अग्निशामक असलेली 38 केंद्रं नव्या फायर रेस्क्यू व्हिक्टोरियाकडे गेली आणि सीएफए पुन्हा स्वयंसेवकांची सेवा झाली. कागदावर रचना स्वच्छ दिसते. मात्र सीएफएच्या काही महत्त्वाच्या पदांवर आता दुसऱ्या संस्थेचे कर्मचारी प्रतिनियुक्तीवर असतात. जबाबदारी मंडळाची आणि माणसं दुसऱ्याची, अशी गाठ घालायची असेल तर विचार करून घाला.

आयुक्ताबाबत उलट आहे. त्याला काढणंही सोपं, पण काढताना मंत्र्याला एका ओळखीच्या चेहऱ्याची किंमत मोजावी लागते. लोकप्रिय आयुक्त मंत्र्यावर भारी पडतो, नवखा आयुक्त मंत्र्याचा सचिव होऊन बसतो.

मग काय निवडाल

मी म्हणालो त्या दोन अटी अशा. पहिली, आगीचा अधिकार कायद्याने एका पदाकडे, आणि त्यात मंडळाची लुडबुड नाही. दुसरी, सदस्याला मुदतीआधी काढायचं तर लेखी कारण विधिमंडळासमोर ठेवणं सक्तीचं. या दोन्ही लिहून घेता येत असतील तर मंडळ घ्या, त्यात स्वयंसेवकांनी सुचवलेली माणसं ठेवा, पण ती प्रतिनिधी म्हणून नव्हे, संचालक म्हणून बसतील हे पहिल्या दिवशीच सांगा. संघटनेची भूमिका मांडायला त्यांनी येऊ नये, संघटना ती मांडेलच. अध्यक्ष माजी चीफ ऑफिसर नसावा असंही मी सुचवेन. जुन्या सवयीने त्याचा हात वायरलेसकडे जातो.

अटी मिळत नसतील, किंवा ब्रिगेड थोड्या, पगारी कर्मचारी मोजके आणि मालमत्ता किरकोळ असेल, तर आयुक्त नेमा आणि त्याच्यावर स्वतंत्र लेखा व सुरक्षा समिती बसवा. ती समिती आयुक्ताने नेमू नये. सुरक्षेची बाजू पाहणारा किमान एक सदस्य अग्निशमनाबाहेरचा हवा, खाणकाम किंवा विमानवाहतुकीसारख्या क्षेत्रातला.

आणि कुठलाही पर्याय घेतलात तरी नेमणुकांच्या मुदती वणव्याच्या हंगामात संपणार नाहीत अशा ठेवा. सदस्यांच्या मुदती एकदम न संपवता टप्प्याटप्प्याने संपवा, नाहीतर ऐन कडक उन्हाळ्यात अर्धं टेबल रिकामं असतं आणि सही करायला कोरम मिळत नाही.