श्रीलंकेची सात दिवसांची खासगी सहल: पैसे कुठे मुरतात

गाडी-ड्रायव्हर घेऊन श्रीलंका फिरून आलेल्यांच्या तक्रारी ऐकल्या की त्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका कागदापाशी येऊन थांबतात. कार्यक्रमाच्या त्या कागदावर जे लिहायचं टाळलेलं असतं, नेमकं तिथेच पाणी मुरतं.

पहिली गोम किलोमीटरची. ठरलेल्या दरात ‘रोज 100 किलोमीटर’ म्हणजे आठवड्याला 700; ऐकायला भरपूर वाटतात. आता बेरीज करून बघा. कटुनायके विमानतळ ते सिगिरिया साधारण 150, तिथून कँडी 90, नुवारा एलिया 75, एला 55, मिरिस्सा 165, गॉल 40 आणि परत विमानतळ 150. झाले 725, आणि यात पोलोन्नरुवा ही जुनी राजधानी नाहीच. सिगिरियाहून जाऊन-येऊन त्याचेच 110 होतात. हा जादा हिशोब शेवटच्या दिवशी, विमानतळाच्या वाटेवर पुढे येतो. त्या घाईत कोण भांडत बसणार? म्हणून एकूण किलोमीटर, त्यापुढचा दर, ड्रायव्हरचा भत्ता आणि मुक्काम, पार्किंग, एक्स्प्रेसवेचा टोल हे सगळं आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.

दुसरी गोष्ट दराची. चार जणांकडून दर मागवले आणि एकाचा फारच कमी आला, तर उरलेले पैसे दुकानांच्या कमिशनमधून काढायचे असतात. दांबुल्ला-कँडी रस्त्यावर मातलेजवळ मसाल्यांच्या बागा लागतात. प्रवेश फुकट. एक जण दालचिनीची साल हातात देतो, वेलची दाखवतो, मग बाकावर बसवून खांद्याला तेल चोळतो आणि गुडघेदुखी, केसगळती, वजन यांवरच्या बाटल्यांची यादी पुढे ठेवतो. तिथून बाहेर पडताना रिकाम्या हाताने निघणं अवघड जातं. कँडीत तीच तऱ्हा रत्नांची: आधी खाणीवरची फिल्म, मग शोरूम, मग दुकानाने स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र. त्या कागदाला काहीच किंमत नाही. नीलम घ्यायचाच असेल तर राष्ट्रीय रत्न व आभूषण प्राधिकरणाकडून तपासून घ्या, आणि विकणारा त्याला तयार नसेल तर सरळ उठा. कार्यक्रमात ‘मसाल्यांची बाग’, ‘बाटिक (मेण लावून रंगवलेलं कापड) कारखाना’, ‘लाकडी कोरीवकाम’ असं लिहिलेलं दिसलं तर ते दुकानच समजा आणि खोडायला लावा. खोडायला सांगितल्यावर दर वाढला तरी नाराज होऊ नका. खरा दर आता कळला.

तिकिटं ड्रायव्हरला काढू देऊ नका. सिगिरिया, पोलोन्नरुवा इथे सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर आहे, पण त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. ड्रायव्हरने पूर्ण परदेशी दराने पैसे घेतले आणि खिडकीवर सवलतीचं तिकीट काढलं, तर फरक कुठे गेला हे सांगायला नको. पासपोर्ट घेऊन स्वतः रांगेत उभे राहा.

सगळ्यात जास्त चीड येते ती किनाऱ्याच्या बाबतीत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे मिरिस्सा, हिक्कडुवाचा समुद्र खवळलेला असतो. तिथला देवमासे बघायचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. तरीही जुलैच्या सहलीत ‘मिरिस्सा, व्हेल वॉचिंग’ बिनदिक्कत विकलं जातं. बोट सुटत नाही, आणि ‘हवामानामुळे रद्द’ म्हणून पैसेही परत मिळत नाहीत. त्या महिन्यांत पूर्व किनारा शांत असतो: त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा. महिना सांगूनही कोणी दक्षिण किनारा सुचवला, तर त्याला माहिती नाही किंवा तुमची फिकीर नाही.

हॉटेलच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ लिहिलेलं असेल तर नाव पक्कं करून घ्या. नैर्ऋत्य किनाऱ्यावर ‘समुद्राजवळ’ म्हणजे पुष्कळदा मध्ये गॉल रोड आणि रेल्वेचे रूळ.

माणूस कोण येणार हेही आधी विचारा. श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरण शॉफर-गाइडना, म्हणजे गाडी चालवून माहितीही देणाऱ्यांना, परवाना देतं. त्या कार्डाचा फोटो आणि गाडीचा नंबर मागवा. बोलणी एकाशी आणि विमानतळावर दुसराच, असं झालं तर कार्ड बघितल्याशिवाय सामान डिकीत ठेवू नका. पूर्ण रक्कम आगाऊ कोणाच्या खासगी खात्यावर भरू नका; उरलेले हप्ते मुक्कामागणिक ठरवा. आणि निघण्याआधी, ड्रायव्हरच्या देखत, किलोमीटरच्या मीटरचा फोटो काढा.