पेनड्राइव्हवरच्या ओएस आणि घरातले दोन म्हातारे : सात महिन्यांनंतर

घरातले दोन जुने संगणक हलक्या ओएसने (ऑपरेटिंग सिस्टमने) पुन्हा चालते होतात का, ते पेनड्राइव्हवरून बघायचं होतं. घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. एक जीबी रॅमच्या नेटबुकवर अँटीएक्स टिकली, चार जीबीच्या लॅपटॉपवर एमएक्स लिनक्स टिकली. दोन्ही लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे तयार बांधलेल्या आवृत्त्या. या दोघींपर्यंत पोहोचायला खर्च झाला तो पेनड्राइव्हचा. तोही दोनदा, कारण पहिल्यांदा फसलो. ते पुढे येईलच.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून नेटबुक (छोटा, स्वस्तातला लॅपटॉप) निघाला. २००९ चा, ॲटम एन२७० प्रोसेसर, १०२४ बाय ६०० चा पडदा, बॅटरी कधीच गेलेली, प्लग काढला की खेळ खलास. दुसरा माझाच २०१२ चा आय-थ्री लॅपटॉप, फिरती हार्डडिस्क असलेला. त्यावर विंडोज १० होतं आणि त्याचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, संपला. तसाही तो चालू करून अंघोळ उरकून यावं, तरी डिस्क शंभर टक्क्यांवरच. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला, “साहेब, ह्याच्यावर आता काही चढत नाही. भंगारात द्या.” मला खरं तर काही चढवायचंच नव्हतं. आधी नुसतं चालवून बघायचं होतं.

त्यासाठी व्हेंटॉय. ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी : पूर्वी एक आयएसओ (अख्खी ओएस असलेली एकच फाइल) म्हणजे एक पेनड्राइव्ह. दुसरी ओएस बघायची तर पहिली पुसा, पुन्हा लिहा, पुन्हा थांबा. व्हेंटॉय पेनड्राइव्हवर एकदाच बसवायचं (त्या वेळी पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, लग्नाचे फोटो आधी हलवा). ते दोन भाग करतं, एक मोठा आणि एक अवघा ३२ एमबीचा, बूटचं सामान ठेवायला. मोठ्या भागात आयएसओ फाइल नुसत्या कॉपी करायच्या. सिनेमा टाकतो तशा. बूट केलं की सगळ्यांची यादी समोर येते, बाण खाली-वर, एंटर. नको असलेली फाइल डिलीट केली की ती ओएस गेली. पार्टिशनचा (डिस्कचे भाग नोंदवायचा) प्रकार जुना एमबीआरच राहू द्या. मी उगाच शहाणपणा करून नवं जीपीटी निवडलं तर नेटबुकने पेनड्राइव्हकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आता फसवणुकीची गोष्ट. रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून “६४ जीबी” पेनड्राइव्ह घेतला. भाव ऐकूनच शंका यायला हवी होती. पहिल्या तीन-चार आयएसओ मस्त चालल्या. पाचवी टाकली तर बूट होताना स्क्वॅशएफएसच्या (आयएसओत दाबून भरलेल्या फायलींच्या) चुकांचा धबधबा. मी दोन संध्याकाळी त्या बिचाऱ्या डिस्ट्रोला शिव्या घातल्या. शेवटी डोकं चाललं आणि पेनड्राइव्हवरच्या फाइलचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) काढून पाहिला, तर तो उतरवलेल्या मूळ फाइलशी जुळेना. मग एफ३ नावाच्या छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह भरून परत वाचून घेतला. आत खरी जागा आठ जीबीच्या आसपास, बाकी नुसता देखावा. आठच्या पुढे काहीही लिहा, ते कुठेच जात नाही. तेव्हापासून नवा पेनड्राइव्ह आला की आधी एफ३, मगच बाकीचं. आणि कॉपी झाल्यावर “सेफली रिमूव्ह” न करता उपटायचा नाही, पट्टी शंभर टक्के दिसत असली तरी.

नेटबुककडे वळू. एन२७० हा जुन्या धाटणीचा ३२-बिट प्रोसेसर आहे आणि इथेच अर्धी यादी गळते. उबंटू कुटुंबाने ३२-बिट कधीच सोडलं. बऱ्याच डिस्ट्रोंचा पाया असलेल्या डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिला ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही. अँटीएक्स २३ मात्र डेबियन १२ वर बांधलेली आहे, ३२-बिटमध्ये मिळते, त्यात सिस्टमडी (बहुतेक लिनक्समध्ये बाकीचं सगळं सुरू करणारी यंत्रणा) नाही, आणि भरगच्च डेस्कटॉपच्या जागी आइसडब्ल्यूएमसारखा नुसत्या खिडक्या सांभाळणारा साधा विंडो मॅनेजर. बूट झाल्यावर उजवीकडच्या कॉंकीत (मशिनची स्थिती दाखवणाऱ्या पट्टीत) रॅमचा आकडा पाहिला : दीडशे एमबीच्या आत-बाहेर. मी तीनदा डोळे चोळले. लाइव्ह (न बसवता, पेनड्राइव्हवरून) असताना युजरचं नाव “डेमो”, पासवर्डही “डेमो”. रूटचा (सगळे अधिकार असलेल्या युजरचा) पासवर्ड “रूट”. हे आधी वाचून ठेवा, नाहीतर माझ्यासारखे वायफाय जोडायच्या आधीच अडकाल.

लहान पडद्याचा एक त्रास कोणी सांगत नाही. सहाशे पिक्सेलच्या उंचीत बऱ्याच खिडक्यांचं “ओके” बटण पडद्याच्या खाली, पाताळात असतं. ऑल्ट दाबून धरून खिडकी माउसने वर ओढायची. एवढं कळायला मला एक रविवार लागला.

आता खरी मेख. दीडशे एमबीवर खूश होऊन मी फायरफॉक्स उघडला, एक मराठी वर्तमानपत्राची साइट लावली आणि नेटबुक जागीच बसला. हार्डडिस्कचा दिवा पेटला तो विझेना. ओएस हलकी असते हो, वेब हलकं नाही. जाहिराती आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ असलेलं एक पान अख्ख्या ओएसच्या तिप्पट-चौपट रॅम खातं. कुठल्याही हलक्या ओएसच्या कौतुकात “बूटला इतके एमबी” हा आकडा मिरवतात, पण ब्राउझर उघडल्यानंतरचा आकडा विचारा. जाहिराती अडवणारं एक्सटेन्शन टाकलं, एकावेळी एकच टॅब, व्हिडिओ एमपीव्ही प्लेअरमधून ३६० पीवर : इतक्यात जमतं. डिलो नावाचा ब्राउझर वाऱ्यासारखा पळतो, पण त्याला जावास्क्रिप्ट येत नाही, म्हणजे बँक आणि सरकारी पोर्टलं बाद. फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्स सोडलं. जुन्या ईएसआरवर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीवर) चालवतोय, तेही किती दिवस. नेटबुक आता लिहायला, वाचायला, गाणी ऐकायला. नेट त्याच्याकडून करवून घ्यायचं नाही, हे मान्य केल्यावर आमचं दोघांचं बरं चाललंय.

पपी लिनक्सबद्दल मात्र मन मोठं करून लिहायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही डिस्ट्रो, नाव त्यांच्या चिवावा कुत्र्यावरून. आय-थ्रीवर तिची फॉसापप ही आवृत्ती चालवली. आयएसओ साधारण चारशे एमबीची, सगळी रॅममध्ये चढते, मग हार्डडिस्क असली काय, नसली काय. दहा-बारा वर्षांत तो लॅपटॉप एवढ्या चपळाईने मी कधी पाहिला नव्हता. पहिल्यांदा डेस्कटॉप आला तेव्हा स्पीकरमधून भुंकण्याचा आवाज आला. शेजारी पेपर वाचणारे अण्णा दचकले. “अरे, हे भुंकलं का?” मी हो म्हणालो. “मग ठेव की हेच. राखणीला होईल.” नाही ठेवलं. एक तर पपीत तुम्ही कायम रूट असता, म्हणजे घरात शिरल्याबरोबर सगळ्या कपाटांच्या किल्ल्या हातात. त्यावर पपीवाल्यांची उत्तरं आहेत, पण मला ते रोजच्या बँकेच्या कामाला रुचलं नाही. दुसरं, आयकॉन आणि खिडक्यांची तिची स्वतःची रीत आहे आणि घरातल्या बाकीच्यांना ती पुन्हा शिकवायची माझ्यात ताकद नव्हती. पण मरायला टेकलेल्या विंडोजमधून फायली बाहेर काढायच्या असतील तर माझा पहिला हात अजून पपीवरच पडतो. मेहुण्याच्या पीसीतले दोन वर्षांचे हिशेब असेच वाचवले.

टायनी कोअर २३ एमबीची. चहा उकळायच्या आत डेस्कटॉप समोर, आणि मग कळतं की वायफायसुद्धा वेगळं आणायचंय. कोलिब्रीओएस असेंब्ली या यंत्राच्या जवळच्या भाषेत लिहिलेली, फ्लॉपीवर मावते, दहा मिनिटं भारी वाटतं. हायकू म्हणजे बीओएस या जुन्या ओएसचा वारसा, २००१ पासून चालू आहे, पाचवा बीटा (चाचणी आवृत्ती) सप्टेंबर २०२४ चा. देखणी आहे, झपकन चालते, पण तिच्या आपल्या प्रोग्रामांत मराठी जोडाक्षरं फुटलेली दिसली आणि माझा विषय तिथेच संपला.

कारण माझी परीक्षा एकच असते. डेस्कटॉप आला की एडिटर उघडायचा आणि “दुसऱ्या वाऱ्याने डोळे चुरचुरले” असं टाइप करायचं. इनस्क्रिप्ट या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत ऱ्या म्हणजे शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. ळ म्हणजे शिफ्ट-एन. ऱ्या नीट वळला, ळ उमटला, तर ओएस पास. लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय देवनागरी लेआउट आधीपासून असतो, फक्त जोडावा लागतो. अडचण फॉन्टची. पपीत सुरुवातीला मराठीच्या जागी नुसते चौकोन आले. लोहित देवनागरीची फाइल घरच्या फॉन्ट फोल्डरात टाकली की काम झालं. ती फाइल मी पेनड्राइव्हवर आयएसओंच्या शेजारीच ठेवलीय, व्हेंटॉयला तिची अडचण नसते.

आय-थ्रीची निवड झाली ती वायफायवरून. त्यात ब्रॉडकॉमचं कार्ड आहे, आणि ज्यांना हे नाव माहीत आहे त्यांनी इथे उसासा टाकला असेल. लुबुंटू (उबंटूची हलकी बहीण) दिसायला छान, पण कार्ड ओळखेना. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं, त्यावरून ड्रायव्हर उतरवला, मग चाललं. (ही युक्ती लक्षात ठेवा, फोन बहुतेक कुठल्याही लिनक्सला लगेच दिसतो.) एमएक्सने काही न विचारता शेजाऱ्यांसकट सगळी वायफायं दाखवली. मग आठवडाभर तिला पेनड्राइव्हवरूनच राबवलं : झाकण मिटल्यावर झोपतो का आणि उठतो का, ब्राइटनेसची बटणं, प्रिंटर, हेडफोन काढल्यावर आवाज स्पीकरला जातो का. हे स्क्रीनशॉटमध्ये कळत नाही. ब्राउझरमध्येच ओएस चालवून दाखवणारी डिस्ट्रोसी ही साइटही आहे, रूप बघायला ठीक, पण तिथे चालतं ते त्यांचं मशिन. तुमचं कार्ड, तुमचा प्रिंटर तिथे कुठून येणार?

नव्या लॅपटॉपवर हा प्रयोग करणाऱ्यांना एक सूचना. सिक्युअर बूट (फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवायला सांगतं. आणि विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये (ओएसच्या आधीच्या सेटिंगमध्ये) हात घातल्यावर भाच्याच्या लॅपटॉपने ती मागितली आणि त्या रात्री बहिणीने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. व्हेंटॉयच्या सोर्समध्ये आधीच बांधून ठेवलेल्या, आत काय आहे ते वाचता न येणाऱ्या बायनरी फाइल आहेत यावर आक्षेप घेतले गेलेत, ते मला पटतात. म्हणून चाचणीपुरतं व्हेंटॉय, आणि पसंत पडलेली ओएस वेगळ्या पेनड्राइव्हवर. अँटीएक्समध्ये त्यासाठी लाइव्ह-यूएसबी-मेकर आहेच.

नेटबुक आता अण्णांकडे असतो, त्या वेगळ्या पेनड्राइव्हवरच चालतो. ते त्यावर गावच्या आठवणी लिहितात. केलेले बदल पुढच्या वेळी टिकावेत म्हणून मी पर्सिस्टन्स लावून दिलं होतं, पण प्रकार निवडला तो बदल रॅममध्ये ठेवून शटडाउनच्या वेळी पेनड्राइव्हवर उतरवणारा. वेग चांगला मिळतो म्हणून. मार्चमध्ये एका दुपारी लाइट गेली. बॅटरी नाही. अण्णांनी फाइल तीनदा सेव्ह केलेली, तरी विहिरीच्या खोदकामाची पावणेदोन पानं गेली. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “सेव्ह म्हणजे सेव्ह नाही, हे आधी सांगायचंस.”

त्याच रात्री स्टॅटिक पर्सिस्टन्स करून दिलं, जे लिहील ते तिथल्या तिथे पेनड्राइव्हवर जातं. जरा संथ चालतं. विहीर त्यांनी पुन्हा लिहायला घेतली आहे, या वेळी आधी वहीत.